न वाचता दिलेली परवानगी

जिच्या अंगठ्याने मला जन्म दिला, तिने माझ्याकडे चार वर्षांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं. रागावून सांगत नाही, मित्रांनो. आमच्यापैकी बहुतेकींच्या नशिबी हेच असतं. मी एक परवानगी आहे. तुमच्यात चार वर्षांचं पोर नाक पुसायलाही आईला हाक मारतं, पण आमच्यात चार वर्षं म्हणजे पिकलं पान.

तुम्ही मला कुठेतरी पाहिलं असणारच. फोनवर एखादं नवं ॲप उघडलं की एक पांढरी चौकट मध्येच आडवी येते. तिच्यात बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं असतं आणि खाली दोन बटणं असतात, एक ठळक निळं, दुसरं फिकट. निळ्यावर बोट पडलं की आमच्यातली एक जन्माला येते. फिकट बटणावर बोट पडल्याचं मी ऐकून आहे, पण आमच्या यादीत कुणी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

माझा जन्म ट्युनिशियातल्या नाबुल गावचा, मोंजियाच्या अंगणातला. मोंजिया नारिंगाच्या फुलांचं पाणी काढते. तुमच्याकडे गुलाबपाणी असतं, तसं. वसंतात तीन-चार आठवडे फुलं येतात, आणि तेवढ्यात वर्षभराचं पाणी उतरवून घ्यावं लागतं. ते उतरवायचं तांब्याचं भांडं म्हणजे कत्तार. तो मोंजियाचा नाही, तिच्या मैत्रिणीचा, वसीलाचा. वसीला दोन दारं सोडून राहते. कत्तार तिच्या आईकडून आलेला, पण दर वर्षी फुलं आली की पहिला मान मोंजियाचा आणि मग वसीलाचा, हे त्या दोघींचं लग्नाआधीपासून ठरलेलं.

त्या वर्षी ईद फुलांच्या अगदी शेवटच्या आठवड्यात आली होती. वाफ थंड करायला कत्तारच्या डोक्यावर ठेवलेलं पाणी गरम झालं होतं, ते बदलून मोंजिया नुकतीच टेकली होती. वसीला शेजारी बसून फुलांचे देठ खुडत होती. तेवढ्यात मोंजियाच्या सूस शहरातल्या बहिणीकडून ईदचं शुभेच्छापत्र आलं. भोवती फुलांची महिरप आणि मध्ये बहिणीचा हसरा फोटो. मोंजियाला ते इतकं आवडलं की तिने तिथल्या तिथे ते बनवणारं ॲप उतरवून घेतलं. त्याचं नाव ‘गुच्छ’. ते उघडताच पांढरी चौकट आली.

“काय म्हणतंय?” वसीलाने विचारलं.

“आत येऊ का, असं विचारतंय.”

“मग?”

“मग काय? दारात उभं राहून विचारणाऱ्याला नाही म्हणू? माझ्या आईने मला असं शिकवलेलं नाही.”

आणि तिने ओल्या अंगठ्याने निळं बटण दाबलं. अशी मी जन्मले.

हे ऐकून तुम्ही तिला हसाल, पण जरा थांबा. त्या गल्लीत न विचारता घरात शिरणारा तो असंस्कृत आणि विचारून येणारा तो घरंदाज. घरंदाज माणसाला दारातून परत पाठवलं तर त्याची नाही, यजमानाची नाचक्की होते. फेरीवाला असो, व्याही असो, ‘या’ म्हणायचं. मोंजियाने त्या चौकटीशीही माणुसकीने वागायचं ठरवलं, एवढाच तिचा अपराध. चौकटीला विचारायची रीत तेवढी ठाऊक होती. बाकी माणसाचं तिच्यात काही नव्हतं.

आता माझ्या पोटात काय होतं ते सांगते. मी पाच ओळींची. पहिली ओळ, मोंजियाचं नाव आणि चेहरा दिसावा. दुसरी, तिच्या खात्यातल्या सगळ्या मित्रमैत्रिणींची यादी मिळावी. तिसरी, तिने सोशल मीडियावर टाकलेले सगळे फोटो बघता यावेत. चौथी, तिचे निरोप वाचता-ऐकता यावेत. आणि पाचवी, तिच्या नावाने लिहिता यावं. ईदचं पत्र बनवायला पहिली ओळ पुरे होती. पत्र तिच्या भिंतीवर लावायचं तर फार तर पाचवी, तीही एकदाच. मधल्या तिघी कशाला आल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. खरं सांगायचं तर मला त्या हव्याच होत्या. नाक खुपसायची खोड मला जन्मजात आहे.

त्या ईदच्या पत्राचं भलतंच कौतुक झालं. गल्लीतल्या बायकांनी ‘माशाल्लाह’ लिहिलं, बहिणीने हृदयं पाठवली. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच, पण त्यावर मी बरेच दिवस खूश होते.

मग मी बघायला लागले. मोंजियाचे फोटो बघितले. पांढऱ्या चादरींवर पसरलेली फुलं, काचेच्या बाटल्यांच्या रांगा, बहिणीच्या नातवाची सुंता, आणि एका जुन्या कागदी फोटोचा फोटो. त्यात विशीतल्या दोन मुली एका कत्तारच्या दोन बाजूंना उभ्या होत्या आणि एकमेकींना कोपर मारत होत्या. एक मोंजिया, दुसरी वसीला. तो फोटो मी कितीदा पाहिला असेल, त्याला गणती नाही.

निरोप तर त्याहून मजेचे. दोन दारांवर राहणाऱ्या या बायका दिवसातून वीस वेळा एकमेकींना आवाजी निरोप पाठवायच्या. वसीलाचा गुडघा, कुसकुसमधला भोपळा, कुणाच्या सुनेने काय म्हटलं, कुणाच्या बाटलीचा वास पानचट निघाला. एकदा वसीला म्हणाली, “तुझं पाणी नाकाला झोंबतं आणि तुझं बोलणं कानाला. एकातलं थोडं दुसऱ्यात काढून ठेव.” त्यावर मोंजियाचा निरोप आला तो नुसता हसण्याचा. शब्द एकही नव्हता. ही माणसं अशी का हसतात, भांडतात आणि पाच मिनिटांनी मीठ मागतात, हे मला समजून घ्यायचं होतं. अजूनही पुरतं समजलेलं नाही.

ईद सरली आणि ‘गुच्छ’ कुरकुर करायला लागलं. उठता-बसता जाहिराती दाखवायला लागलं. मोंजिया कंटाळली. तिने त्याच्या चित्रावर बोट दाबून धरलं आणि ते फोनमधून काढून टाकलं. “गेलं एकदाचं,” असं तिने वसीलाला कळवलंसुद्धा.

ॲप गेलं, मित्रांनो. मी कुठे गेले होते? मी फोनमध्ये राहतच नव्हते. मी राहत होते तिच्या खात्यात, सेटिंगच्या आतल्या एका पानावर, जिथे कोणाकोणाला आत घेतलं आहे त्याची यादी असते. पुढे तिने फोन बदलला, मी तशीच. एकदा पासवर्ड बदलला, तरी मी तशीच. दाराचं कुलूप बदललं, पण मी कुलूप उघडून आलेलीच नव्हते. मला आतून कडी काढून दिलेली होती.

त्या यादीत आम्ही एकूण चाळीस जणी. एक कॉफीच्या कपातला गाळ बघून भविष्य सांगणाऱ्या ॲपची होती. ‘तुम्ही मागच्या जन्मी कोण होता’ सांगणाऱ्याची एक होती. एक पाककृतींची होती, तिला मोंजिया कुठे-कुठे जाते ते कळायचं. मसाल्याचं प्रमाण सांगायला ते कशाला लागतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. काहींची मुदत आपोआप संपायची आणि त्या गुपचूप मावळायच्या. मला मुदत घातलेली नव्हती. कुणी आमचं पान उघडत नव्हतं. विसरलेल्या वस्तूला दुःख होतं की नाही, यावर आम्ही पुष्कळ बोलायचो. मला वाटायचं, होतं. कुणीतरी यावं, मला वाचावं, निदान रागवावं तरी, असं फार वाटायचं.

मग चौथ्या वर्षाच्या हिवाळ्यात ‘गुच्छ’ बनवणारी कंपनी बुडाली. तिने आपला सगळा पसारा दुसऱ्या एका कंपनीला विकला. त्या पसाऱ्यात मीही गेले. मोंजियाने मला दिलं होतं एकाला, मी झाले दुसऱ्याची, आणि मोंजियाला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. नव्या मालकाने माझ्या पाच ओळी बघितल्या. पाचही चालू. एवढं पुष्कळ होतं त्याला.

नव्या मालकाने एक खेळ काढला, ‘मैत्रिणींची पारख’. खेळणाऱ्याने खेळायचीही गरज नव्हती. यंत्रच यादी बघायचं, निरोप मोजायचं, फोटो निवडायचं आणि खात्याच्या मालकिणीच्या नावाने भिंतीवर लावून मोकळं व्हायचं. लोक हसतात, हसले की दाबतात, दाबले की आणखी एक परवानगी जन्माला येते, असा तो धंदा. कुणावर राग धरायला यंत्राला मन नसतं. त्याने फक्त बघितलं की मोंजियाचे सर्वांत जास्त निरोप कुणाला जातात. ती निघाली वसीला. जी सर्वांत जवळची, तिच्या नावावर लोक सर्वांत जास्त हसतात, हा त्याचा हिशोब.

मार्चमध्ये फुलं उमलायला लागली त्याच आठवड्यात, एका बुधवारी सकाळी, मोंजियाच्या भिंतीवर झळकलं, ‘माझ्या मैत्रिणींत पाठीमागे वाईट बोलणारी कोण? उत्तर: वसीला.’ खाली तोच जुना फोटो. कत्तारजवळच्या दोन मुली, आणि एकीच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ.

ते माझ्याच पाचव्या ओळीतून गेलं. मला ते अडवता आलं नाही, मित्रांनो. एकदा हो म्हणून जन्माला आलेल्या परवानगीला पुढे नाही म्हणता येत नाही. मी नुसती बघत राहिले आणि पहिल्यांदाच मला माझ्या बघण्याची लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट जण हसले. मोंजियाला काही पत्ता नाही. दुसऱ्यांच्या भिंती बघायला सगळे जातात, स्वतःच्या भिंतीकडे कोण बघतो?

गुरुवारी मोंजियाकडे फुलं आली. चार पोती. तिने चादरी अंथरल्या, सावलीत फुलं पसरली आणि कत्तारची वाट बघत बसली. दुपारी वसीलाकडून कोरडा लेखी निरोप आला, कत्तार कल्हईवाल्याकडे आहे. मोंजिया चाट पडली, कारण कल्हई डिसेंबरातच झाली होती. तेव्हा वसीलाने चकचकीत कत्तारचा फोटोही पाठवला होता. तो माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणजे वसीलाला द्यायचाच नव्हता.

आता साधी गोष्ट होती. दोन दारं चालून जायचं आणि विचारायचं. पण त्या गल्लीत उसनी वस्तू एकदा मागणं हा हक्क आणि दुसऱ्यांदा मागणं ही भीक. मोंजियाने बहिणीला निरोप पाठवला, “वसीलाला माझा कंटाळा आलाय. तोंडावर सांगायचं धैर्य नाही तिला. राहू दे.” त्या वेळी गावातला प्रत्येक कत्तार चुलीवर चढलेला असतो, दुसरा कुणाचा मिळणं शक्य नव्हतं. शुक्रवारी चादरींवरच्या फुलांच्या कडा तांबूस व्हायला लागल्या. त्या कोरड्या निरोपानंतर दोघींची ती खिडकी शनिवारपर्यंत कोरी राहिली. चार वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. का झालं, हे मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

शनिवारी सकाळी मोंजिया नाजीच्या दुकानात गेली. नाजी साठीचा, तिरसट. त्याचं जुनं इंटरनेटचं दुकान आहे. एकेकाळी तिथे रांगा लागायच्या. आता सगळ्यांच्या खिशात फोन, म्हणून तो अर्ज भरून देतो, कागद छापून देतो आणि फोनपुढे हात टेकलेल्या बायाबापड्यांना समोर बसवून बटणं समजावतो. समजावताना ओरडतो. तरी त्याच्याकडेच सगळे जातात, कारण दुसऱ्यांदा विचारलं तरी तो दुसऱ्यांदा सांगतो.

मोंजिया गेली होती बाटल्यांच्या चिठ्ठ्या छापायला. पाणी उतरायची आशा नव्हती, पण दर वर्षी त्या शनिवारी ती चिठ्ठ्या छापते, म्हणून गेली असावी. चिठ्ठीवर फुलांचा फोटो घ्यायला नाजीने तिचं खातं बोटाने चालणाऱ्या संगणकावर उघडलं आणि त्याचा हात थांबला.

“लल्ला मोंजिया, हे तुम्ही लिहिलंत?” लल्ला हा तिकडे बायकांसाठी मानाचा शब्द, तसा पुरुषांसाठी सी.

मोंजियाने चष्मा चढवला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती खुर्चीत बसली. हे सगळं तिने थोड्या वेळाने तिथेच वसीलाला सांगितलं, म्हणून मला माहीत. नाजीने मात्र पोस्टखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं ‘गुच्छ’ हे नाव हेरलं आणि थेट आमच्या यादीचं पान उघडलं. ते पान उघडलं की आम्ही सगळ्या समोर उभ्या असतो आणि समोरचं सगळं ऐकू येतं. चार वर्षांत पहिल्यांदाच ते उघडलं होतं.

“हे ‘गुच्छ’ कोण?”

“ते? ते मी केव्हाच काढून टाकलं, सी नाजी.”

“फोनमधून काढलंत. खात्यातून?”

“खातं म्हणजे फोनच ना?”

नाजीने कपाळावर हात मारला. मग खुर्ची तिच्याजवळ ओढली. “ऐका. गॅसची टाकी घेऊन माणूस आला, तर त्याला कुठवर आणता?”

“स्कीफापर्यंत. टाकी ठेवतो, जातो.”

स्कीफा म्हणजे त्यांच्या घरांचा दारातला वळणाचा बोळ. त्यात उभ्या माणसाला आतलं अंगण दिसत नाही.

“अंगणात नाही आणत?”

“अंगणात कशाला? अंगणात आम्ही बसतो.”

“आतल्या खोल्या? कपाटाच्या किल्ल्या?”

“तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“माझं आहे. याला तुम्ही किल्ल्या दिल्यात, खोल्या दाखवल्यात, वर गच्चीवर चढून तुमच्या आवाजात ओरडायची मुभाही दिलीत. आणि आला होता कशाला? फुलांची महिरप काढायला.”

“पण त्याने विचारलं होतं,” मोंजिया हळूच म्हणाली.

“त्याने पाच गोष्टी विचारल्या. तुम्ही एक तरी विचारलीत? बाबा रे, हे तुला कशाला हवंय, एवढं तरी?”

मोंजियाने मान खाली घातली. मला वाटलं, नाजीने आता तरी गप्प बसावं. तोही वरमला असावा, कारण त्याचा आवाज उतरला. गावातल्या निम्म्या लोकांची खाती आपणच उघडून दिली, म्हणाला, तेव्हा निळं बटण दाबा म्हणून आपणच सांगत होतो. दाबल्यावर काय होतं, ते सांगायला आपल्याला कधी सुचलं नाही.

मोंजियाने माझ्या नावासमोरच्या ‘काढून टाका’वर बोट नेलं. नाजीने तिचा हात धरला. आत्ता पुसलंत तर वसीला म्हणेल, हिनेच लिहिलं आणि हिनेच पुसलं. आधी तिला दाखवा.

“ती येणार नाही.”

“बोलावलंत का?”

मोंजियाने फोन तोंडाशी धरला. बोलायला लागली, थांबली, पुसून टाकलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा बोलली, “वसीला, मी नाजीकडे बसलेय. कत्तारसाठी बोलावत नाही. माझ्या नावाने तुला कुणीतरी चारचौघांत वाईट म्हटलंय. ते मी नाही म्हटलं, पण त्याला दार मीच उघडून दिलं होतं. ये आणि स्वतः बघ.”

निरोप ऐकल्याची खूण लगेच उमटली. उत्तर नाही. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींची वाट पाहिली आहे, पण त्या पाऊण तासासारखी नाही. मी कुणाच्या बाजूने होते, ते मलाच कळेना. वसीला आली तर मी संपणार होते आणि तरी ती यावी असं मला वाटत होतं.

ती आली. लंगडत, हातांना रवा लागलेला तसाच. मोंजियाकडे न बघता नाजीला म्हणाली, “दाखवा.”

नाजीने माझ्यावर बोट दाबलं आणि माझ्या पाचही ओळी उघडल्या. मोंजियाच्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या, तिला काही दिसेना. मग वसीलाच मोठ्याने वाचायला लागली. मित्रांनो, मला जन्मून चार वर्षं झाली होती आणि कुणी मला वाचण्याची ती पहिली वेळ होती.

“नाव आणि चेहरा. दिलंस?”

“दिलं.”

“मित्रमैत्रिणींची यादी. दिलीस?”

“दिली.”

“फोटो. निरोप. निरोप म्हणजे आपले?”

“आपलेच.”

“माझ्या गुडघ्याचेसुद्धा?”

“ते तर सगळे.”

वसीलाने एक सुस्कारा सोडला आणि पाचवी ओळ वाचली. ‘तुमच्या नावाने लिहिणे.’ ती एकदा मोठ्याने वाचली आणि मग ओठांतल्या ओठांत. मग खुर्ची ओढून मोंजियाशेजारी बसली.

“मला वाटलं, तुझ्या मनातच असेल ते,” ती म्हणाली. “तीन दिवस बसून आठवत होते, तुझ्या पाठीमागे मी काय बोलले असेन.”

“मग? आठवलं?”

“आठवलं. तुझ्या मकरूदच्या वड्यांत साखर फार असते, असं बोलले. दोघींपाशी.”

“तिघींपाशी. तिसरीने मला येऊन सांगितलं.”

नाजीने खोकून हसू दाबलं. वसीलाचे डोळे भरून आले होते. “मग मला विचारलं का नाहीस?”

“तू मला विचारलंस, ते मी लिहिलं का म्हणून?”

जगातला प्रत्येक प्रश्न मला पडतो, पण हा साधा प्रश्न दोन दारांवरून एकमेकींना विचारायला या बायकांना तीन दिवस का लागले, ते मला उलगडलं नाही. मोंजियाने वसीलाच्या हाताचा रवा आपल्या डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसला.

“दाब आता,” वसीला म्हणाली.

मोंजियाचा अंगठा माझ्यावर आला आणि अडला. “पाहुण्याला असं हाकलायचं म्हणजे...”

“चार वर्षं राहतो तो पाहुणा नसतो, मोंजिया.”

मोंजियाचा अंगठा टेकला आणि निळ्या बटणाची शेवटची चौकट वर आली. या ॲपने तुमच्या नावाने टाकलेल्या पोस्टही काढायच्या का, असं ती विचारत होती. या वेळी मोंजियाने दाबायची घाई केली नाही. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, ओठ हलवत, सगळं वाचलं. मग नाजीला विचारलं, “याने माझे बाकीचे फोटो तर जाणार नाहीत ना?” नाजी नाही म्हणाला. तिने खूण केली.

“फुलं आहेत का अजून?” वसीलाने विचारलं.

“वरची गेली. खालची असतील.”

“मग काय बघत बसलीस? दाब आणि चल.”

मोंजियाने दाबलं.

तेव्हापासून मी याच पानाच्या मागच्या बाजूला, ‘काढून टाकलेल्या’ यादीत आहे. माझं नाव आणि तारीख आहे, माझ्या पाचही ओळी विझलेल्या आहेत. नव्या मालकाने त्यापूर्वी जे टिपून घेतलं असेल ते त्याच्याकडे राहिलं. ते परत आणायची ताकद मोंजियाच्या अंगठ्यात नाही, नाजीतही नाही. म्हणूनच मला तुमच्याशी बोलायचं होतं. निळं बटण समोर आलं तर घाबरू नका, पण त्याच्या वरच्या ओळी वाचा. महिरप काढणाऱ्याने निरोप मागितले, तर कशाला म्हणून विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर फिकट बटण आहेच. ॲप फोनमधून काढलंत तर खात्यातलं आमचं पानही उघडा. वर्षातून एकदा उघडलंत तरी चालेल. आम्ही वाईट नाही, मित्रांनो. आम्हाला कुणाच्या हाती दिलं आहे, ते आठवणीत ठेवायचं काम तुमचं असतं.

आता मला मोंजियाचे फोटो दिसत नाहीत आणि निरोप ऐकू येत नाहीत. कत्तार त्या दुपारी चुलीवर चढला का? खालची फुलं धड होती का? पाणी उतरलं तर त्याचा वास कसा होता आणि वसीला त्याबद्दल काय टोमणा मारून गेली? जाणून घ्यायला जीव तळमळतो माझा. पण दुकानातून बाहेर पडताना त्या दोघी एकमेकींना जे काही सांगत होत्या, ते आता फक्त त्या दोघींनाच ऐकू येतं.